वरशाच्या जिन्यात, कुंडलिकेच्या काठी

पुण्याहून निघताना बायकोने माझ्या बॅगेतले धावायचे बूट बाहेर काढले आणि मी ते परत आत घातले. "बहिणीकडे चार दिवस निघालायस, तिथं तरी स्वस्थ बस," ती म्हणाली. पण डॉक्टरांनी दम भरल्यापासून मी सलग अडीच महिने रोज धावत होतो. याआधी योगासनं, पोहणं, सायकल असं बरंच काही सुरू करून मी महिन्याच्या आत सोडलेलं. एक दिवस चुकला की हेही सुटणार, अशी भीती मला वाटत होती.

वाटेत पेणला उतरलो. कॉलेजातला मित्र संजय याचा तिथे गणपतीचा कारखाना आहे. जानेवारीतही मूर्ती रांगेने उभ्या होत्या आणि हा नाकातोंडाला मास्क लावून एका सोंडेला पॉलिश पेपर मारत होता. पापण्यासुद्धा पांढऱ्या. मी रोज धावतो म्हटल्यावर तो हसला. "मी पन संध्याकाळी फिरतो, खाडीच्या बाजूला. पन रोज नाय. हवा जड असली की घरीच." ही आळशाची सबब, असं मी मनात म्हटलं आणि त्याच्या बायकोने तळून दिलेले पोह्याचे पापड खात बसलो.

दुपारच्या गाडीने रोह्याला पोचलो. नागोठण्यापासून रुळांच्या दोन्ही बाजूंना भात कापलेल्या शेतांत वाल हिरवागार उभा होता. मीना, माझी धाकटी बहीण, स्टेशनवर स्कूटर घेऊन आली होती. तिचं घर रोह्याला लागूनच असलेल्या वरशाला, दुसऱ्या मजल्यावर.

दुसऱ्या दिवशी सहाला खाली उतरलो. धुरकं (धूर मिसळलेलं धुकं) रस्त्यावर बसलेलं आणि वासही उग्र. तरीही धावलो. दीड किलोमीटरवर छाती आवळली, खोकला थांबेना. एका मोरीच्या कठड्यावर बसलो. शेंगांची टोपली घेऊन बाजाराला निघालेली एक बाई थांबली.

"काय झाला, दादा? पानी पिता?"

तिने बाटली पुढे केली. तेवढ्यात दूध घेऊन परतणारे एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ जवळ आले. "मीनाताईंचे भाऊ ना? मी कादरी, खालच्या मजल्यावरचा." त्यांनी मला हाताला धरून सावकाश घरी आणलं. मीना चिडलीच. तिने गरम पाणी दिलं आणि खोकला तासाभरात थांबला नाही तर दवाखान्यात नेईन, एवढं बजावलं. सुदैवाने तो थांबला.

दुपारी कादरीचाचा चौकशीला आले. सव्वीस वर्षं आखातात नोकरी करून ते परतलेले. "थंडीत धुरकं सकाळी खाली बसतंय," ते म्हणाले. "ऊन चढलं की उठतं. समोरचा डोंगर स्वच्छ दिसला तर जायचं, नाय तर नाय."

"पण मग आजचा दिवस बुडाला."

"बुडतोय कसा? जिना हाय ना. तिकडं रेतीचं वादळ उठलं की आम्ही कॅम्पच्या जिन्यातच वर-खाली करायचो."

संध्याकाळी, छाती पूर्ण मोकळी वाटल्यावर, आम्ही जिना चढलो. सदुसष्ट वर्षांच्या चाचांनी दहा फेऱ्या मारल्या, मी चार मारून पायरीवर बसलो. मीना दारात उभी राहून मोजत होती. सकाळपासून पहिल्यांदाच हसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी डोंगर दिसला नाही. चार वाजता दिसला, अगदी झाडांसकट. आम्ही कुंडलिका नदीच्या काठी गेलो. चाचा चालले, मी धावलो आणि न थांबता पाच किलोमीटर झाले. पुण्यात हे कधी जमलं नव्हतं.

परत आलो तर आवारात चाचांच्या सूनबाई सलमाभाभींनी पोपटी (मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून भाजलेल्या वालाच्या शेंगा आणि अंडी) लावलेली. मडक्याभोवती जाळ पेटला होता. चाचांनी आमच्या खुर्च्या वाऱ्याच्या वरच्या अंगाला सरकवल्या. "हा धूर पन धूरच," ते म्हणाले आणि मडकं उघडल्यावर शेंगांतलं पहिलं अंडं मला दिलं.

पुण्याला परतलो त्याच्या दुसऱ्या सकाळी आमच्या रस्त्यावर कुणीतरी कचरा पेटवला होता. खिडकीतून धूर बघितला आणि मी धावायला गेलो नाही. दिवसभर चुकल्यासारखं वाटलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी हवा बरी होती, तेव्हा गेलो. अडीच महिने मी जिला घाबरत होतो ती गोष्ट घडून गेली होती आणि माझं काही सुटलं नव्हतं.

रविवारी मीनाला फोन केला तर तिला बोलायला वेळ नव्हता. "नंतर कर रे," ती म्हणाली, "भाभी खाली थांबल्यात, आम्ही नदीवर फिरायला चाललोय."