हे न विचारता काय करतं?

नवी वस्तू हातात आली की तो आधी ती उलटी करून बघायचा आणि मग विचारायचा, "हे मला न विचारता काय काय करतं?"

इन्व्हर्टर आणला, विचारलं. माझ्या बायकोनं नवा कुकर घेतला, तर स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "काकू, ही शिट्टी आपोआप होती का?"

बायको म्हणाली, "शिट्टी विचारून कोण मारतंय रे? रस्त्यावरची पोरं बी न्हाई विचारत."

तो हसला. पण कुकरपासून दोन पावलं मागं सरून हसला.

असा एखादा तुमच्याही गल्लीत असेल. लोक त्याला वेडसर म्हणत असतील. आम्हीही म्हणायचो. एकदा विजेवरची नवी बस बघायला स्टँडवर गेलो, तर यानं कंडक्टरलाच गाठलं. "दार आपोआप मिटतं म्हणता. मधी माणूस असला तर त्याला कळतं का?" कंडक्टर म्हणाला, "तुम्ही मधी उभं राहू नका म्हणजे झालं." परत येताना हा सारखा मागं वळून त्या बसकडं बघत होता. मी म्हणलो, काय झालं? म्हणाला, "काका, त्यानं उत्तर दिलंच न्हाई."

लातुरात आमच्या वरच्या खोलीत तो भाड्यानं राहायचा. मूळचा जळकोटकडचा, तिशीचा, काडीसारखा. काम कॉम्प्युटरचं. त्याच्या ऑफिसला एका खाजगी डायलिसिस केंद्राचा प्रोग्राम करायचा होता. आणि त्याच केंद्रात माझी बायको एक दिवसाआड रक्त धुवायला जायची. म्हणजे त्याचं काम आणि माझं घर एकाच दाव्याला बांधलेलं.

बायकोचं दुखणं नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मशीनवर घेतलं की रक्त गोठू नये म्हणून पातळ करायचं औषध देतात. हिच्या पोटात आधी एकदा रक्त सुटलेलं. डॉक्टरनं सांगितलं होतं, हिला ते औषध द्यायचं नाही, दिलं तर रक्त थांबायचं नाही. फाइलवर लाल शाईनं तसं लिहिलेलं होतं. आता फाइली जाऊन सगळं कॉम्प्युटरात जाणार होतं.

एका दिवशी तो ओसरीत बसलेला, पुढ्यातला चहा गार झालेला. मी विचारलं, "कशाचा घोर लागलाय?"

"दलाल निवडायलोय, काका."

माझी हयात उदगीरच्या बैलबाजारात दलाली करण्यात गेली. शाळा चौथीपर्यंत. मी म्हणलो, माझ्यापुढं दलालाचं नाव घेतलंस, आता नीट सांग.

त्यानं सांगितलं. प्रोग्राम लिहायची भाषा वेगळी, आणि जिथं माहिती साठवतात त्या डेटाबेसची वेगळी. मध्ये एक बोलणारा लागतो. तयार मिळतो, त्याला लायब्ररी म्हणतात. अशा पुष्कळ असतात, त्यातली एक निवडायची.

मी खांद्यावरचा रुमाल काढला, त्याचा हात रुमालाखाली घेतला आणि त्याची बोटं दाबली. आमच्या बाजारात भाव असाच ठरतो. तोंडानं शब्द नाही, बोटांवर सगळं. त्यानं हात झटकन ओढून घेतला.

"खाली काय ठरलं ते बैलाच्या मालकाला कसं कळतं?"

"न्हाई कळत. इमानावर चालतं."

"आन दलाल चुकला तर?"

"बैल गेल्यावर कळतं."

हे त्यानं लई दिवस घोळवलं. जिन्यावरून उतरताना पुटपुटायचा, बैल गेल्यावर कळतं.

त्याला पसंत असलेली लायब्ररी साधी होती. डेटाबेसला काय सांगितलं ते उघड दाखवायची, आणि सांगितल्याशिवाय कशाला हात लावायची नाही. ऑफिसचं मन दुसरीवर. ती सगळं स्वतः करायची. तुम्ही प्रोग्राम बदलला की ही तिकडं जाऊन माहितीचे रकानेही आपल्या मनानं बदलायची.

"बरं हाय की, काम वाचलं," मी म्हणलो.

"काका, तुमच्या गोठ्यात माणक्या नावाचा बैल हाय. तुम्ही त्याचं नाव सोन्या ठेवलं. दलालाला वाटतं, माणक्या आता मालकाला नको. मग तो माणक्याला खुंट्यासकट उपटून बाहेर टाकतो. आन सोन्यासाठी नवा खुंटा ठोकतो. रिकामा."

मी म्हणलो, "असला दलाल आमच्या बाजारात एक दिवस टिकला नसता."

"आमच्यात त्यालाच मागणी हाय."

एका रविवारी त्याचे साहेब वर आले. मी ताक घेऊन गेलो तर वाद चाललेला. तो म्हणत होता, "तुमचीच घ्या, पण तिची ती सवय बंद ठेवा. रकाने बदलायचे ते मी हातानं बदलतो."

साहेब म्हणाले, "तू एकटा करत बसलास तर केंद्राला कधी द्यायचं? सगळी दुनिया हीच वापरतीय." मग माझ्याकडं वळून हसले. "काका, तुमच्या भाडेकरूला भुताचं भ्या हाय."

बायको माझ्या मागं जिन्यात दम खात उभी होती. ती म्हणाली, "दिसत न्हाई त्याचंच भ्या धरावं, साहेब. दिसतंय त्याला काठी असती."

साहेबांनी ताक संपवलं आणि दुसरी लायब्ररी घेतली. सवय चालूच ठेवली.

मग यानं एक रीत धरली. ऑफिसात कुणी काही बदललं की हा आधी माझ्या बायकोची नोंद उघडून बघायचा. तिला हे माहीत होतं. ती म्हणायची, "दृष्ट काढल्यासारखं बघतंय लेकरू."

पावसाळा सरत आला तेव्हाची गोष्ट. कुणीतरी त्या औषधाच्या रकान्याचं नाव बदललं. का, तर जुनं नाव लांबलचक होतं. यानं नोंद उघडली. रकाना कोरा. तिचाच नाही, सगळ्यांचा. केंद्राचा फोन लागेना. त्याच वेळी मी केंद्रात बायकोच्या खुर्चीजवळ बसलेलो, तिला ग्लानी. हा डोक्यावरचं हेल्मेटही न काढता आत शिरला. "सिस्टर, थांबा."

औषध भरलेली सुई ट्रेमध्ये होती. सिस्टर म्हणाली, "इथं तर काहीच लिहिलेलं नाही."

"म्हणूनच थांबा."

बायकोनं डोळे उघडले. म्हणाली, "टोपी तरी काढ. यमाचा माणूस आला वाटलं."

माहिती ऑफिसनं आदल्या दिवशीच्या प्रतीतून परत भरली. साहेब म्हणाले, आता लक्ष ठेवू. हा म्हणाला, "मी बघत होतो म्हणून दिसलं. मी जेवायला गेलो असतो तर?" सवय बंद करा, आणि कधी काय बदललं त्याची खूण ठेवा, एवढंच तो मागत होता. दोन्ही झालं नाही. त्यानं ते काम सोडलं आणि नांदेडला दुसरं धरलं.

जाताना बायकोला म्हणाला, "काकू, सुईच्या आधी दर वेळी तोंडानं सांगायचं. रक्त पातळ करायचं न्हाई म्हणून. स्क्रीनवर असलं तरी."

"सांगते. मी स्वतःच केवढी पातळ झाले, रक्त कशाला अजून."

ती सांगत राहिली. सिस्टरा हसायच्या, पण ऐकायच्या.

थंडीत तिची ताकद गेली. एका सकाळी ती अर्धवट झोपेतच आत गेली. नवा नियम झाला होता, नातेवाइकाला आत सोडत नव्हते, म्हणजे तोंडानं सांगणारं कुणी नव्हतं. बाहेर आणली तेव्हा हातावरची पट्टी रक्तानं भिजलेली. बदलली, परत भिजली. मग तोंडातूनही यायला लागलं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

डॉक्टर म्हणाले, या दुखण्यात असं होतं. होत असेल. मी केंद्रात जाऊन विचारलं. त्यांनी स्क्रीन माझ्याकडं फिरवली. लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. "बघा काका, आहे."

आहे. आज आहे. त्या सकाळी होतं का? मी चार वेळा विचारलं. प्रत्येकानं मला तीच लाल अक्षरं दाखवली. रुमाल उचलल्यावर हात रिकामाच दिसतो, खाली काय झालं ते दिसत नाही. हे मला सांगायला कुणी शिकलेला लागत नाही.

तेराव्याला तो नांदेडहून आला. भिंतीला टेकून बसला, पानावर बसला नाही. मी म्हणलो, "तुला कळंल. त्या दिवशी होतं का?"

त्यानं आपला रिकामा तळहात माझ्यापुढं धरला. "कळायला काही ठेवलंच न्हाई काका त्यांनी."

"तुला काय वाटतं?"

"वाटण्यावर मी आता काही बोलत न्हाई."

स्वयंपाकघरात कुणीतरी कुकर लावला होता. शिट्टी झाली. त्यानं मान वर केली नाही.

संध्याकाळी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. ती विजेवरचीच बस लागली होती. मी वाट बघत होतो, आता हा कंडक्टरला गाठेल, दाराचं विचारेल. त्यानं गाठलं नाही. पिशवी छातीशी धरून चढला आणि काचेजवळ बसला. दार आपोआप मिटलं.

त्यानंतर त्याचा फोन लागत नाही. केंद्र चालू आहे. सकाळी मी त्या रस्त्यानं जातो तेव्हा माणसं एकेक करून आत जाताना दिसतात, आणि त्यांच्यामागं काचेचं दार मिटतं. मी दाराशी उभा राहून आत जाणाऱ्याला सांगतो, "सुईच्या आधी तोंडानं सांगा." काही जण थांबतात. बाकीचे वेडा म्हणून निघून जातात.