गच्चीवरचा कांदा

गटारी बाधली चाळीतल्या पुरुषांना आणि आरोपी ठरली काकी. हे मी तेव्हाही खपवून घेतलं नाही, आजही घेत नाही.

काकी म्हणजे आमच्या घाटकोपरच्या चाळीतली मालवणची एकटी बाई. श्रावण लागायच्या आधी अख्ख्या चाळीसाठी कोंबडीची सागोती तिच्याच टोपात शिजायची. चाळीत तिला मान होता तो तेवढाच. त्या वर्षी गावठी परवडत नाही म्हणून मंडळाने ब्रॉयलर आणल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संडासापुढे टमरेलधारी पुरुषांची ही रांग! सर्वांत पुढे मंडळाचे अध्यक्ष. आयुष्यात पहिल्यांदाच ते जनतेचं खरंखुरं नेतृत्व करत होते.

डॉक्टर म्हणाले, "साल्मोनेला दिसतोय. ब्रॉयलरच्या आतड्यातला जंतू. नीट शिजली तर मरतो."

झालं! अध्यक्षांनी रांगेतूनच निकाल दिला: काकीने कोंबडी कच्ची ठेवली, यापुढे केटरर.

"माझ्या हातचा कच्चा?" काकी कडाडली. "हाडां सुटली होती रे मेल्यांनो!" आणि तिने धाडकन दार लावून घेतलं.

मी पेटले. दुपारपर्यंत सायक्लोस्टाइल पत्रक तयार: 'ब्रॉयलरच्या पिंजऱ्यातील नफेखोरी. जाब कोण देणार?' कोंबड्या कशा दाटीवाटीने कोंबतात, एकीची घाण दुसरीच्या चोचीत कशी जाते, सगळं ठणकावून लिहिलं. अध्यक्षांनी वाचलं.

"कोंबडीपण भांडवलदार झाली काय गं? क्रांती नंतर कर. आधी मला आत जाऊ दे."

तरी मी दारोदार पत्रकं वाटली. आणि वाटता वाटता खटकलं. दार उघडायची ती धडधाकट बाई. मागे पोरं उड्या मारतायत. नवरा तेवढा खाटेवर कण्हतोय.

"वहिनी, तुम्ही सागोती खाल्ली नाही?" शेवटी मी शेजारणीला विचारलं.

"खाल्ली ना! मागून मागून खाल्ली."

"मग पुरुषांनी वेगळं काय खाल्लं?"

"वेगळं कसलं? गच्चीवर बसले होते ग्लास घेऊन, कांदा-काकडी चघळत. आम्हाला काय तिथे बोलावतात?"

"कांदा चिरला कोणी?"

"अध्यक्षांनी. कोंबड्या पण त्यांनीच कापल्या. गटारीची कोंबडी पुरुषांनीच कापायची ना! मग त्याच पाटावर कांदा."

म्हणजे टोपातला जंतू काकीच्या चुलीवर मेला होता आणि पाटावरचा थेट गच्चीवर गेला होता. मी तडक रांगेत घुसले.

"अध्यक्ष, कोंबड्या कापून झाल्यावर पाट धुतला होता?"

"पुसला होता की स्वच्छ!"

"कशाने?"

त्यांची नजर हळूच खांद्यावरच्या पंच्याकडे गेली. मघापासून त्याच पंच्याने ते तोंड पुसत होते. नळावरच्या बायका अशा हसल्या की एकीची कळशी सुटली. मग त्याच बायकांनी अध्यक्षांना धरून काकीच्या दारात उभं केलं.

"चुकलं काकी," अध्यक्ष पोट दाबत म्हणाले. "गटारी तुमचीच."

दार फटीएवढं उघडलं.

"करीन. पण कोंबडी मी कापतलंय, कांदो मी चिरतलंय. तुमी वर बसान शेंगदाणे खावा."

"मान्य!" अध्यक्ष ओरडले आणि रांग मोडून आत पळाले.