दोराला ढील

सईच्या शाळेत पीटीच्या तासाला आता दोरांचा पूल असतो. एकदा पालकांनाही बोलावलं. मूल पुलावरून चालणार, त्याच्या कमरेचा दोर आपण खालून धरायचा आणि ते पुढे सरकेल तशी ढील द्यायची, एवढंच काम. मी त्यातही चुकलो. दोर असा आवळून धरला की आमची लेक मध्यावरच अडकली.

"बाबा, सोड ना! सगळे हसतायत!"

"काका, दोर धरायचाय, मुलीला बांधायचं नाहीये," पीटीच्या बाई म्हणाल्या.

मीही हसलो, पण बोटं उघडेनात. आमच्या घरात निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. सईचा दादाही नदीवर पोहायला निघताना 'येतो' असंच म्हणाला होता.

"बाबा, पलीकडून खाली येतेच आहे ना मी!"

मग दोर तळव्यांतून सरकत गेला आणि सई पलीकडे पोचली.

घरी बायकोने माझ्या तळव्यांना तूप लावलं. म्हणाली, "सोडताना सोलवटतंच हो. सई सायकल काढते, तेव्हा माझं रोज असंच होतं."