लाल गाडीचे मागचे दिवे

गॅरेजमध्ये दोन गोष्टी आपोआप साचतात, जुने नटबोल्ट आणि किस्से. नटबोल्ट भंगारवाला नेतो. किस्से कुणी नेत नाही, म्हणून सांगत बसावं लागतं!

आमचं गॅरेज शेवगावात. बापू मालक आणि मेकॅनिक, मी वायरमन. यंदाचे निम्मे किस्से एकाच गाडीचे, वकील काकांच्या लाल, उघड्या टपाच्या, दोन सीटच्या जुन्या स्पोर्ट्स कारचे.

काकांनी ती तरुणपणी हौसेनं घेतलेली. पण एकदा डिकीकडे जाणारी वायर सायलेन्सरला टेकून वितळली, धूर निघाला, आणि काकू भर रस्त्यात उतरून बसनं घरी गेल्या. तेव्हापासून त्यांनी गाडीत पाय ठेवला नाही.

"सुभाष, मागची वायरिंग अशी कर, की ही माझ्याबरोबर गाडीतून माहेरी, हिवरे बाजारला आली पाहिजे," काका म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण आवाज कसा हळवा झाला होता! मला वाईटच वाटलं.

*

गाडी बघायला ही गर्दी! बाजाराला आलेल्या एका बाबांनी गाडीभोवती फेरी मारली, वाकून आत बघितलं.

"दोनच मानसं बसत्यात?"

"हो बाबा."

"मंग मयतीला जायचं कसं?"



*

नवी वायर मी सायलेन्सरपासून लांब, चेसिसच्या दुसऱ्या बाजूनं नेली. तिला वरून नळी घालायची होती. बापू म्हणाला, "ठिबकची नळी पडलीया की! ऊन, पानी, माती, समदं सोसती."

घातली. झकास दिसली. दुसऱ्या दिवशी गाडी धुतली, पुसली, आणि बघतो तर खाली थेंब पडतायत. टप, टप, सारख्या अंतरावर! मी घाईत भोकं असलेलीच नळी वापरली होती.

काका खाली वाकले. "बापू, पाणी छान पसरतंय. खाली कांदा लाव!"

मग बिनभोकाची नळी आणली. वायर जिथे पत्र्यातून जाते तिथे कडेनं कापू नये म्हणून रबर बसवलं.

*

तरी एक घोळ राहिला. उजवा इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवाही लुकलुकायचा. मागच्या दिव्यांच्या अर्थिंगचा स्क्रू उघड्या पत्र्याला टेकावा लागतो, आणि गाडीला नवा लाल रंग मारताना बापूनं तिथेही रंग दिलेला. मी घासून पत्रा उघडा केला आणि जेवायला गेलो. परत येतो तर पुन्हा लालभडक!

"आरं, काय केलंस?"

"एवढ्या देखण्या गाडीला उगडा पत्रा? बरं दिसतं व्हय!"

त्या दिवसापासून मी डबा गाडीशेजारी बसूनच खाल्ला.

*

काम संपत आलं आणि डिकीत मांजर व्यायली. नेमकी माझ्या वायरच्या गुंडाळीवर! बापू पिल्लं उचलायला निघाला, तेवढ्यात काकू आल्या. त्या गाडीत बसत नसल्या, तरी काम कुठवर आलं ते बघायला यायच्या.

"हात लावू नगंस! बाळंतीन हाय ती."

पिल्लं डोळे उघडून हिंडायला लागेपर्यंत काम बंद. काकूंच्या घरून रोज दूध यायचं. मांजरीला. आम्हाला चहा कोराच!

*

शेवटी गाडी तयार झाली. काकूंनी एकच अट घातली. "सुभाष, तू फटफटीवर मागनं ये. धूर दिसला तर हॉर्न मार. मी उडी टाकीन."

निघालो. पुढे लाल गाडी, काकूंचा पदर वाऱ्यावर, मागे मी दिव्यांकडे डोळे लावून. तिसगाव आलं आणि गाडी अचानक थांबली. फटफटी तशीच टाकून धावत गेलो.

"काय झालं काकू? वास येतोय?"

"न्हाई रे. लई ग्वाड चालतीया. तू जा आता माघारी."

काकांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! ते उतरले, माझा हात हातात घेतला, पाठ थोपटली. तोवर इकडे काकू सरकून स्टेअरिंगमागे बसल्या होत्या. शेतावरचा ट्रॅक्टर त्याच चालवतात.

"आन् सुभाष," त्या म्हणाल्या, "जाताना ह्यांना बी घिऊन जा."

गाडी निघाली. आम्ही दोघं रस्त्यात उभे. लांब वळणावर काकूंनी ब्रेक लावला, तसा काकांनी माझा खांदा गच्च धरला.

"सुभाष, बघ! दोन्ही लागले रे!"