मृग बहार धरला ते साल

त्या वर्षी मी कित्येक महिने एकाच वाक्यावर काम करत होते. मूळ वाक्य इंग्रजीत होतं, पण त्याचा अर्थ असा: कमी पावसाच्या प्रदेशात जास्त पाणी लागणाऱ्या फळबागांखालचं क्षेत्र टप्प्याटप्प्याने कमी करावं. बदलत्या हवामानाशी देशाने कसं जुळवून घ्यायचं याचं राष्ट्रीय धोरण लिहिलं जात होतं. त्यातलं कोरडवाहू भागाचं प्रकरण आमच्या गटाकडे होतं आणि गटात मराठवाड्यातली मी एकटीच. दिल्लीच्या बैठकीत नुसत्या ‘करावं’ या शब्दावर एक अख्खी दुपार गेली. एका खात्याला ‘करण्याचा विचार व्हावा’ असं हवं होतं. दुसऱ्याला ‘टप्प्याटप्प्याने’ नको होतं, कारण मग टप्पे कोणते तेही लिहावं लागलं असतं. शेवटी चहा आला आणि वाक्य पुढच्या बैठकीवर गेलं.

अंबड तालुक्यातली आमची चार एकर मोसंबी या वाक्यात चपखल बसत होती. मी हे तिथे कुणाला सांगितलं नाही. लपवायचं होतं असं नाही, सांगावंसंच वाटलं नाही. त्या काळात मला कशाचंच फारसं काही वाटत नसे. तापमानाचे इतके नकाशे पाहिले होते की आपला जिल्हा गडद लाल दिसला तरी डोळे आपोआप पुढच्या पानावर जायचे. लोक म्हणायचे, बाई, तुमचं डोकं किती शांत आहे. मी म्हणायचे, हो.

बाग दादाची होती. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मी शिकायला पुण्याला गेले त्याच पावसाळ्यात त्याने कलमं लावली, त्यामुळे आमच्या घरात माझं घर सोडणं आणि बागेचं वय एकत्रच मोजलं जायचं. मी सुटीला आले की तो आधी बाग दाखवायचा आणि मग जेवायचं विचारायचा. वहिनी त्यावरून त्याला टोमणे मारायची, पण पाहुणा दारात आला की मोसंबी पिळायला तीच आधी उठायची.

मोसंबीचं एक आहे. तिला चांगलं फुलवायचं तर आधी उपाशी ठेवावं लागतं. पाणी तोडायचं, पानं मलूल होऊन गळायला लागेपर्यंत तोडायचं, आणि मग एकदम भरपूर द्यायचं. झाड जणू धास्तावून फुलतं. याला ताण देणं म्हणतात. थंडीत ताण देऊन जानेवारीत पाणी सोडलं की आंबे बहार, आणि उन्हाळ्यात ताण देऊन जूनच्या पावसावर सोडलं की मृग बहार. ताण चालू असताना मध्येच पाणी मिळालं तर तो मोडतो. झाड पालवी काढून मोकळं होतं, फूल येत नाही आणि वर्ष हातचं जातं. बाहेरच्या माणसाला यात क्रूरपणा वाटतो. आमच्याकडे ज्याला ताण देताना दया येते त्याची लोक थट्टा करतात.

त्या वर्षी थंडीत दादाचा ताण अर्ध्यावर आला आणि अवकाळी पाऊस पडला. दोनच सरी, पण पुरेशा होत्या. बाग हिरवीगार झाली, फूल मात्र कुठेतरी तुरळक. गावात ज्यांनी ज्यांनी आंबे बहार धरला होता त्या सगळ्यांचं असंच झालं. दादाने ठरवलं, आता मृग बहार धरायचा. एप्रिलमध्ये त्याने ठिबक बंद केलं.

मे महिन्यात त्याचा फोन आला. मी तेव्हा त्याच प्रकरणाचा तिसरा की चौथा मसुदा तपासत होते.

“पाऊस कधी येऊन राह्यला यंदा?” त्याने विचारलं.

मी म्हणाले, अंदाज सरासरीच्या जवळपासचा आहे, पण जूनमध्ये खंड पडू शकतो.

“पडू शकतो म्हंजे? पडंल का न्हाई?”

“तसं नेमकं सांगता येत नाही, दादा.”

“मंग तुमच्या त्या आराखड्यात काय लिव्हून राह्यले तुम्ही इतके दिवस?”

मी त्याला सांगितलं की आराखडा पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा आहे. तो म्हणाला, “बरं. मला जूनचंच पाह्यजे होतं.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. दुकानात हवी ती वस्तू नसली की माणूस जसा परत फिरतो तसा तो फोनवरून परत गेला.

जूनमध्ये पाऊस आला नाही. महिना संपत आला तेव्हा धोरणासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत सल्लामसलतीच्या सभा ठरल्या, त्यातली एक जालन्यात होती. मी आदल्या दिवशी घरी गेले. दादाने या वेळी बाग दाखवतो म्हटलं नाही. मीच वहिनीबरोबर गेले.

झाडांवर पानं जवळजवळ उरली नव्हती. जी होती ती सुरळी होऊन लटकत होती आणि शेंडे करडे पडले होते. एरवी बागेत वाकून चालावं लागायचं, त्या दिवशी मी सरळ चालत गेले आणि आरपार रस्त्यावरची एसटी दिसली. बागेच्या कडेला शेततळं होतं. त्यात पाणी होतं. आत अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदाच्या अर्ध्यापर्यंत हिरवट, शांत पाणी.

“पाणी हाये की,” मी म्हणाले.

वहिनी म्हणाली, “हाये. पण तुमचे दादा देईनात. मी बोलून थकले, आता तुम्ही सांगा.”

दादा मागून आला होता. मी त्याला म्हणाले, बहार गेला तर जाऊ दे, झाडं वाचव. तो तळ्याच्या काठावर उकिडवा बसला.

“आता दिलं का ताण मोडला,” तो म्हणाला. “पालवी फुटंल. हे पाणी धा-बारा दिवसांत सरंल. पाऊस तवर न्हाई आला तर पालवीसकट झाडं जातील. अन् आला, तर उगंच मोडला म्हणून मी वर्षभर कपाळ बडवत बसंल. आंबे तर गेलाच हाये. इतके दिवस धरला, आणखी चार दिवस धरतो.”

त्याचा हिशेब ऐकायला बरोबर होता. मीही त्याच घरातली, मला तो समजत होता आणि त्यातली चूकही समजत होती: तो चार दिवस म्हणत होता आणि चार दिवस गेल्या दोन आठवड्यांपासून चालू होते. तळ्यातलं पाणी बागेला सोडणाऱ्या मोटारीची बटणांची पेटी आमच्या दोघांच्या मधेच, खांबावर होती. वीज होती, पेटीतला लाल दिवा लागलेला दिसत होता. मी आणखी एकदा म्हणाले, दे रे पाणी. तो म्हणाला, “बघू उद्याच्याला.” ऊन फार झालं होतं. आम्ही घरी येऊन जेवलो.

सकाळी मी जालन्याला गेले. सभागृहात एसी इतका होता की लोकांनी गमछे अंगाभोवती लपेटून घेतले होते. शेतकऱ्यांना पाच-पाच जणांच्या टेबलांवर बसवून रंगीत कागदांवर आपापल्या अडचणी चिकटवायला सांगितल्या. विजेबद्दल, पिकात शिरणाऱ्या रोहींबद्दल, पीक विम्याबद्दल लोक बोलले. एका म्हाताऱ्याने विचारलं की बाग कमी करा म्हणता, मग बागेच्या जागी काय ते कुठं लिहिलंय. मी म्हणाले, त्यावर पुढच्या प्रकरणात काम चालू आहे. हे खरंच होतं. जेवणात पनीर होतं. मी दुपारी घरी फोन केला नाही. काय ऐकायला मिळेल ते मला माहीत होतं आणि ते ऐकून मला काय वाटायला हवं तेही माहीत होतं, फक्त ते वाटत नव्हतं.

पाऊस जुलै निम्मा गेल्यावर आला. तोवर दादाने रोज सकाळी एकेका झाडाची साल नखाने खरवडून पाहायला सुरुवात केली होती. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत. वहिनीने फोनवर सांगितलं की आधी तो येऊन आकडा सांगायचा, मग सांगायचा बंद झाला. पावसानंतर बांधालगतच्या काही झाडांना फुटवे आले, बाकीची तशीच उभी राहिली. पोळ्याच्या सुमाराला करवतीचं मशीन बोलावलं आणि लाकूड वीटभट्टीवाल्याला दिलं. रान नांगरून दादाने रब्बीला हरभरा पेरला. तळं पावसाने काठोकाठ भरलं.

डिसेंबरमध्ये आमच्या गटाला काही गावं प्रत्यक्ष पाहायची होती, जिथे लोकांनी बाग सोडून कमी पाण्याची पिकं घेतली आहेत अशी. गावांची यादी जिल्ह्यातून आली. दुसऱ्या क्रमांकावर आमचं गाव होतं. मला आदल्या संध्याकाळी कळलं. आजारी पडावं असा विचार आला, पण त्यालाही उत्साह लागतो.

गटाचे प्रमुख दक्षिणेतले होते, हिंदीही त्यांना जेमतेम यायची, म्हणून दुभाषी मीच. गाडी थेट आमच्या बांधावर थांबली. दादा इस्त्रीचा सदरा घालून उभा होता. मी उतरले तेव्हा त्याने हात जोडले आणि म्हणाला, “या मॅडम.”

मला वाटलं गंमत करतोय. तो गंमत करत नव्हता. माझ्या साहेबासमोर माझी अडचण नको, एवढंच त्याने ठरवलेलं दिसलं. मीही त्याला ‘तुम्ही’ म्हणाले.

साहेब भले गृहस्थ होते. पिकात पाय पडू नये म्हणून जपून चालत होते. त्यांनी विचारलं, बाग काढायचा निर्णय तुम्ही स्वतः घेतला का? मी मराठीत विचारलं.

“हो, आम्हीच घेतला,” दादा म्हणाला.

कशामुळे?

“झाडं वाळली, मॅडम.”

मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी मान डोलावली आणि सोबतच्या मुलीला सांगितलं, लिहा, शेतकऱ्याने परिस्थिती ओळखून स्वतःहून पीक बदललं. मग तिने हरभऱ्याचा आणि भरलेल्या तळ्याचा फोटो काढला. पुढे तो आमच्या प्रकरणात छापून आला, एका चौकटीत, यशस्वी उदाहरण म्हणून. मी त्या चौकटीची प्रूफं तपासली. चूक काही सापडली नाही.

वहिनी ट्रेमध्ये मोसंबीचा रस घेऊन आली. साहेबांना आवडला. घरचा का, त्यांनी विचारलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “न्हाई, जालन्याहून आणलाय.”

सगळे गाडीकडे निघाले. दादा माझ्या बाजूने चालत होता, थोडं अंतर ठेवून. मोटारीच्या खांबापाशी तो थांबला, म्हणून मीही थांबले.

“त्या दिशी तू आल्ती ना,” तो हळूच म्हणाला, “तवा तू बटण दाबलं असतं, तर मी कायबी म्हणलो नसतो. मला सोताला ताण मोडता येईना गेल्तं. मला वाटलं, ही दाबंल.”

तो पेटीकडे पाहत होता. गाडीचा हॉर्न वाजला.

“जा,” तो म्हणाला. “लोक थांबून राह्यले.”

मी गाडीत बसले. साहेबांनी विचारलं, पुढचं गाव किती लांब आहे. मी म्हणाले, अर्धा तास.