काकूंची हुडहुडी

शिलाईवाल्या काकूंना लहानपणापासून दर महिन्याला रक्त चढवावं लागे. वॉर्ड म्हणजे त्यांचं माहेरच. त्या दिवशी पिशवी लागल्यावर थोड्याच वेळात अंगात हुडहुडी भरली. पण सांगितलं तर पिशवी काढतील, उद्या पुन्हा खेप पडेल आणि लग्नाची शिवणं रखडतील, म्हणून काकू पांघरूण ओढून गप्प पडल्या.

सोबत आलेल्या नणंदेनं बरोबर पाहिलं. "सिस्टर, आमच्या वहिनी थरथरतायत हो!"

"चोंबडी मेली!" काकू दात वाजवत म्हणाल्या.

सिस्टरनं आधी रक्त थांबवलं, मग डॉक्टरांना हाक मारली. "पिशवी दुसरी मिळेल, काकू. दुसऱ्या काकू कुठून आणू?"

दुसऱ्या दिवशी नव्यानं तपासून, जुळवून पिशवी लागली. सुई टोचताच काकू सिस्टरला म्हणाल्या, "आधीच सांगते, नाक खाजतंय, लिहून घ्या."