हिंजवडी ते मांजरी, वाटेत एका मातीला

लोक लडाखला जातात, मी मांजरीला गेले. हसू नका. हिंजवडीहून मांजरीला बसनं जायचं म्हणजे पुणं या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवं कापायचं, आणि लडाखला निदान खड्डे कुठं आहेत ते आधी सांगतात.

कारण घरगुती होतं. माझ्या धाकट्या भावानं, विजयनं, मांजरीत नवा फ्लॅट घेतला. आम्ही ख्रिस्ती. आमच्यात नव्या घराचं समर्पण असतं, म्हणजे दाराबाहेर सगळे जमतात, पाळकसाहेब प्रार्थना करतात, एक गीत होतं आणि मग घरातलं वडीलधारं माणूस कुलूप उघडतं. आई-वडील आता नाहीत, तेव्हा कुलूप माझ्याकडे. वेळ संध्याकाळी पाचची. "ताई, उशीर नको," विजयनं दोनदा बजावलं होतं, "पाळकसाहेबांना पुढं दुसरीकडे जायचंय."

आदल्याच रविवारी आमच्या इकडच्या पाळकसाहेबांनी उपदेश केला होता, की दिवसात मध्येच येणारा प्रत्येक अडथळा ही देवानं दिलेली संधी समजा. सगळ्या मंडळीनं माना डोलावल्या. मी नाही डोलावली. ज्यांच्या दाराशी गाडी उभी असते त्यांना अडथळे लवकर गोड लागतात, असं मला वाटलं. मुळात माझा स्वभावच संशयी. दूधवाला जरा जास्त हसला तर मी आधी पातेल्यात बघते.

हिंजवडीतून सकाळी अकराच्या आत निघू नका, रस्ता कंपन्यांच्या बसगाड्यांचा असतो. दिवसाचा पास काढला की सारखे सुटे पैसे शोधावे लागत नाहीत. मी कंडक्टरना विचारलं, "मनपाला किती वेळ लागेल?" ते म्हणाले, "बसा. कळेल." कळलं. वाकडपर्यंतच माझं बायबलातल्या स्तोत्रसंहितेचं अर्धं वाचन झालं.

मनपाला उतरून बुधवार पेठेत चालत गेले, कारण विजयला गाण्यांसाठी स्पीकरची वायर हवी होती. दुकानदारांनी एक वायर काउंटरवर टाकली.

"ही चालेल ना?"

"नाही चालली तर तुम्ही येणारच आहात."

"मग बदलून द्याल?"

"असं मी कुठं म्हणालो?"

वायर घेतली. एवढं खरं बोलणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायला हरकत नाही. जवळच मिसळ खाल्ली. रस्सा उत्तम, पण पांढरी साडी नेसली असेल तर वाढीव मागू नका. मी पांढरी नेसले होते. आमच्या बायका चर्चला, समर्पणाला, सगळीकडे पांढऱ्यातच जातात.

हडपसरच्या बसला खिडकी मिळाली. इतकं सुरळीत चाललंय म्हणजे काहीतरी बिघडणार, असं मनात आलं आणि हडपसरच्या अलीकडे बस धूर सोडून थांबली. कंडक्टर म्हणाले, मागची येईल. आम्ही सगळे रस्त्याकडेला उतरलो. समोर एका ख्रिस्ती कब्रस्तानाचं फाटक होतं. त्यातून एक म्हातारे गृहस्थ लगबगीनं थेट माझ्याकडे आले आणि हात जोडून आमच्या ख्रिस्ती रिवाजानं म्हणाले, "सलाम, ताई. लई वाट बघितली बगा तुमची."

पुण्यात अनोळखी माणसानं ताई म्हटलं की मी पर्स काखेत घेते. तशी घेतली. "मी तुम्हाला ओळखत नाही," मी म्हटलं.

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचं नाव शांतवन. नगरकडचे. बायकोला उपचारासाठी पुण्यात आणलं होतं, ती काल गेली. गावचे पाळक आणि गाणाऱ्या बायका गाडीनं निघालेत, पण सोलापूर रस्त्याला अडकलेत. इथल्या मंडळीतून एक बाई पुढं पाठवतो, असा पाळकांचा निरोप होता. आता फाटकासमोर पांढरी साडी आणि हातात समर्पणासाठी आणलेलं गीतांचं पुस्तक घेऊन मी उभी. आमच्यात मातीला जातानाही पांढरीच नेसतात, तेव्हा त्यांची चूक म्हणता येणार नाही.

"मी ती नव्हे हो. मी भावाच्या घराच्या समर्पणाला चाललेय."

त्यांनी रस्त्यावर दोन्हीकडं बघितलं, दुसरी पांढरी साडी कुठं दिसेना. मग म्हणाले, "मंग तुमीच या. पाळक येस्तोवर तेवढं गीत म्हना. त्यांच्या हातनं आन् गान्यासंगं माती व्हावी, येवढंच मागितलं हो तिनं. मला आज आवाज फुटंना."

मला पटलं नाही. फाटकाशी दुःख सांगायचं आणि आत गेल्यावर कशाची तरी पावती पुढं करायची, असले प्रकार ऐकून आहे मी. मी चाचपून पाहिलं. "तुमचं स्वतःचं पुस्तक कुठंय?"

"पेटीत ठिवलं तिच्या. उशाला."

तेवढ्यात मागची बस आली. सगळे धावले. मी एक पाय उचललाही होता. शांतवनकाका मला थांबा म्हणाले नाहीत, बाजूला सरकून त्यांनी मला वाट करून दिली. फसवायला आलेला माणूस वाट देत नाही, हे मला ठाऊक होतं. बस गेली.

विजयला फोन लावला. "कोण आहेत ते?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही."

"मग तू का थांबलीस?"

"तेही माहीत नाही." त्यानं फोन ठेवला. त्याचा राग मला लागला, कारण तो बरोबर होता.

आत खड्ड्याशेजारी पेटी होती, काकांच्या इथल्या बिऱ्हाडाशेजारचे, आमची गीतं न येणारे दोघे हात जोडून उभे होते आणि राखणदार फावडं घेऊन तयार होता. काकांनी पेटीकडे बोट केलं. "मार्था," ते म्हणाले, जणू आमची ओळख करून देत होते.

राखणदार मला म्हणाला, "बाई, मागून अजून एक माती यायचीय. एक गीत म्हणा, मग मी सुरू करतो."

म्हणजे पाळक येईपर्यंत गाणं संपता कामा नये. मी सात कडव्यांचं गीत काढलं. माझा आवाज चांगला नाही, मंडळीत मी मागच्या बाकावर ओठ हलवते. इथं मागचा बाक नव्हता. सातवं कडवं झालं. रस्त्यावर गाडी दिसेना. राखणदारानं फावडं उचललं.

"थांबा," मी म्हटलं, "शेवटचं कडवं तीनदा म्हणायची पद्धत आहे आमच्यात."

अशी पद्धत जगात कुठंही नाही. तीनदा म्हटलं. मग म्हटलं, आता एक स्तोत्र वाचायचं असतं. मी सगळ्यात लांब स्तोत्र उघडलं. ते किती लांब आहे, हे ज्यांनी वाचलंय त्यांना माहीत आहे. आयुष्यभर मी कामात मध्येच येणाऱ्या माणसांवर चिडत आले, आणि आता एका माणसाच्या कामात स्वतःच आडवी पडले होते. माझ्या घशाला कोरड पडली तेव्हा राखणदार जवळ आला. मला वाटलं, आता बाहेर काढतो.

तो हळूच म्हणाला, "मी पण ख्रिस्तीच आहे हो, बाई. पद्धती मलाही माहिती आहेत." मग फावडं जमिनीत रोवून त्याच्यावर टेकला. "वाचा सावकाश. मागून येणाऱ्यांना मी सांगतो."

मी स्तोत्राच्या निम्म्यावर असताना गाडी आली. पाळक धापा टाकत उतरले, मागून पांढऱ्या साड्यांतल्या चार बायका. त्यांनी सूर धरला तेव्हा कळलं, गाणं कशाला म्हणतात. मी मूठमाती दिली आणि निघाले. काकांच्या ओठांवर गीताचे शब्द होते, आवाज थोडा थोडा फुटत होता.

हडपसरहून मांजरीला सहा आसनी रिक्षा मिळते, पुढं ऊस आणि मध्येच पंधरा मजली इमारती. मी पोचले तेव्हा पाळकसाहेब जेवून गेले होते. कुलूप विजयच्या सासूबाईंनी उघडलं. पुरीभाजी उरली होती, शिरा संपला होता. विजयनं मला घर दाखवलं, पण प्रत्येक खोलीत माझ्यापुढं दोन पावलं चालत.

घरी आल्यावर नवऱ्यानं सगळं ऐकून म्हटलं, "म्हणजे तुला संधी मिळाली म्हणायची."

मी नाही म्हणाले, आणि अजूनही नाहीच म्हणते. विजयचं घर एकदाच उघडायचं होतं, ते माझ्या हातून गेलं आणि त्याची मला हळहळ आहे. कुणाची बायको गेली त्या दिवसाला मी माझी संधी म्हणणार नाही, असल्या शब्दाचा मला संशय येतो. पण मार्थाबाईंना हवी होती तशीच माती मिळाली, आणि तोवर त्यांच्या नवऱ्याला गप्प खड्ड्यापाशी उभं राहावं लागलं नाही. याबद्दल मात्र मला कसलाही संशय नाही.